गरोदरपणात अपेंडिक्स सुजलं तर : पहिल्या तासापासून टाके निघेपर्यंत

‘दिवस गेलेत, पोटात थोडं दुखणारच’ हे वाक्य बहुतेक वेळा खरं ठरतं, आणि घोटाळा तिथेच होतो. गर्भाशय ताणतं, गॅस होतो, बद्धकोष्ठ होतं, बाळ लाथ मारतं. या रोजच्या दुखण्यांच्या गर्दीत सुजलेलं अपेंडिक्स बेमालूम लपून जातं. साधारण दीड हजार गर्भवतींमागे एकीला हा त्रास होतो. बाळंतपणाशी संबंध नसलेल्या कारणासाठी गरोदरपणात तातडीने ऑपरेशन करावं लागतं, त्या कारणांत अपेंडिक्स सर्वांत पुढे आहे. ते कोणत्याही महिन्यात सुजू शकतं. मधल्या तीन महिन्यांत त्याचं प्रमाण जरा जास्त दिसतं.

घरच्यांना भीती वाटते ती ऑपरेशनची. बाळाला खरा धोका मात्र फुटलेल्या अपेंडिक्सचा आणि पोटात पसरलेल्या पुवाचा असतो. रुग्णांच्या जुन्या नोंदींमध्ये अपेंडिक्स फुटलेल्या बायकांपैकी २० ते ३५ टक्के जणींनी बाळ गमावलं. न फुटलेल्यांत हे प्रमाण ३ ते ५ टक्के होतं. अलीकडचे आकडे इतके भीषण नाहीत, पण त्यांनी एक वेगळी गोष्ट दाखवून दिली. कॅलिफोर्नियातल्या तीन हजारांहून अधिक गर्भवतींच्या नोंदी २००७ मध्ये प्रसिद्ध झाल्या. साध्या सुजेत गर्भहानी २ टक्के, फुटलेल्या किंवा गळू झालेल्या अपेंडिक्समध्ये ६ टक्के, आणि ऑपरेशनमध्ये अपेंडिक्स निरोगी निघालं त्या गटात चक्क ४ टक्के. म्हणजे वाट पाहत बसणं महाग पडतं आणि ‘काढून टाकू, काय व्हायचंय’ म्हणणंही फुकट पडत नाही. पुढचं सगळं या दोन चुकांच्या मधल्या वाटेबद्दल आहे : निदान पक्कं करायचं, पण ते दिवसांत नव्हे, तासांत.

दुखणं कसं चालू होतं

नेहमीचा क्रम गरोदरपणातही बहुधा तोच असतो. आधी बेंबीभोवती मोघम, नेमकं बोट ठेवता न येणारं दुखणं. मग जेवण नको वाटतं, मळमळ होते, एखादी उलटी होते. काही तासांत, फार तर दिवसभरात, दुखणं उजवीकडे सरकून एका जागी बसतं. सूज आतड्याच्या भिंतीपुरती असते तोवर वेदना मोघम असते. ती पोटाच्या आतल्या अस्तराला भिडली की बोट ठेवून दाखवता येते. त्यामुळे ‘आधी कुठे दुखत होतं आणि आता कुठे?’ हा प्रश्न नुसत्या ‘कुठे दुखतंय?’ पेक्षा कितीतरी जास्त सांगून जातो.

मळमळीचा पुरावा इथे दुबळा पडतो, कारण पहिल्या तीन महिन्यांत ती असतेच. दोन गोष्टी विचाराव्यात. चौथ्या महिन्यापर्यंत थांबलेल्या उलट्या आता नव्याने सुरू झाल्या का? आणि आधी काय झालं, दुखणं की उलटी? अपेंडिक्समध्ये बहुधा दुखणं आधी येतं. तापावर भिस्त ठेवू नये, अनेकींना सुरुवातीला तो नसतोच.

अपेंडिक्स ओटीपोटात खाली लोंबत असेल तर ते मूत्राशयाला आणि गुदाशयाला चिकटतं. मग लघवीला जळजळ होते किंवा थोडे पातळ जुलाब होतात. लघवीच्या तपासणीत पू-पेशीही दिसतात. इथेच ‘युरिन इन्फेक्शन’चा शिक्का बसतो, गोळ्या लिहून दिल्या जातात आणि दोन दिवस हातचे जातात. लघवीत पू-पेशी आहेत पण जंतू नाहीत, नायट्राइट (जंतूंची रासायनिक खूण) नाही, आणि उजव्या बाजूला दाबल्यावर दुखतंय, अशा वेळी तो शिक्का मारण्याआधी थांबावं.

अपेंडिक्स वर सरकतं या समजुतीबद्दलही थोडं सांगायला हवं. १९३२ मध्ये बेअर आणि सहकाऱ्यांनी गर्भवतींचे एक्स-रे काढून दाखवलं की वाढणारं गर्भाशय अपेंडिक्सला वर आणि बाहेर ढकलतं, आणि पाचव्या महिन्यानंतर ते कंबरेच्या हाडाच्या वर जातं. हे चित्र पिढ्यान्‌पिढ्या पाठ केलं गेलं. रुग्णांच्या नंतरच्या नोंदींमध्ये मात्र असं दिसलं की कोणत्याही महिन्यात सर्वाधिक बायका उजव्या ओटीपोटातच दुखतं असं सांगतात. शेवटच्या महिन्यांत काहींना बेंबीच्या उजवीकडे, बरगडीखाली किंवा कंबरेत दुखतं. तेव्हा शोध खालीच सुरू करावा, पण वर दुखतंय म्हणून अपेंडिक्सचं नाव यादीतून खोडू नये.

हाताने तपासणी

विसाव्या आठवड्यानंतर बाईला सपाट उताणं झोपवू नये. गर्भाशयाचं वजन मोठ्या रक्तवाहिन्यांवर येतं, रक्तदाब उतरतो आणि वारेकडे जाणारं रक्त कमी होतं. उजव्या कुशीखाली उशी किंवा गुंडाळलेली चादर सारून तिला १५ ते ३० अंश डावीकडे कलतं ठेवावं.

पोटाला हात लावण्याआधी तिला एका बोटाने जागा दाखवायला सांगावं, मग खोकायला सांगावं. खोकताना तिचा हात आपोआप त्याच जागी गेला तर आतलं अस्तर चिडलेलं आहे. चाचपणी डावीकडून, दुखऱ्या जागेपासून दूर सुरू करावी आणि तिच्या चेहऱ्याकडे पाहत हळूहळू उजवीकडे यावं. जिथे सर्वांत जास्त दुखतं तिथे बोट तसंच ठेवून तिला डाव्या कुशीवर वळायला सांगावं आणि अर्धा-एक मिनिट थांबावं. गर्भाशय डावीकडे कलतं. दुखणंही त्याच्याबरोबर सरकलं तर ते बहुधा गर्भाशयाचं किंवा त्याला धरून ठेवणाऱ्या लिगामेंटचं (पट्ट्याचं). बोटाखाली जागच्या जागी राहिलं तर गर्भाशयाबाहेरचं, म्हणजे अपेंडिक्सचा संशय वाढला. या खुणेला आल्डरची खूण म्हणतात. ती अचूक नाही, पण तिला यंत्र लागत नाही आणि एका मिनिटात होते.

पोट लाकडासारखं कडक लागेल याची वाट पाहू नका. मोठं झालेलं गर्भाशय पोटाची भिंत पुढे उचलतं, त्यामुळे सुजलेलं अपेंडिक्स तिला टेकतच नाही. दाबून पटकन सोडल्यावर येणारी कळ आणि स्नायूंचा ताठरपणा दोन्ही फिके पडतात. त्यातच आतड्यांवरचा चरबीचा पदरही वर ढकलला गेलेला असतो. एरवी तो सुजेभोवती गुंडाळून तिला कोंडतो. इथे तो पोहोचत नाही आणि अपेंडिक्स फुटलं की पू मोकळा पसरतो. बाहेरून पोट मऊ आणि आत पू, असं शेवटच्या तिमाहीत होऊ शकतं.

मग गर्भाशयावर हात सपाट ठेवून दहा मिनिटं घड्याळ लावून बसावं. ते घट्ट होतंय का? किती वेळा? दोन कळांमध्ये पूर्ण सैल पडतंय का? अंगावरून रक्त किंवा पाणी जातंय का हे विचारावं आणि पाहावं. बाळाचे ठोके डॉप्लरने ऐकून वेळेसह लिहून ठेवावेत.

रक्ताचे रिपोर्ट फसवतात

गरोदरपणात पांढऱ्या पेशी एरवीही वाढलेल्या असतात. १६,००० पर्यंतचा आकडा निरोगी गर्भवतीतही दिसतो आणि प्रत्यक्ष कळांमध्ये तो २० ते ३० हजारांपर्यंत जातो. त्यामुळे १३,००० पाहून ‘इन्फेक्शन आहे’ म्हणणं चूक आणि ९,००० पाहून ‘काही नाही’ म्हणणंही चूक. लक्षणं आणि रिपोर्ट यांना गुण देऊन अपेंडिक्सची शक्यता मोजणाऱ्या आल्व्हाराडो गुणपद्धतीत १० पैकी २ गुण १०,००० पेक्षा जास्त पेशींना मिळतात. गर्भवतीला ते जवळजवळ बसल्या जागी मिळतात, हे गुण मोजताना ध्यानात असावं. एका आकड्यापेक्षा चढ पाहावा : सहा तासांनी पुन्हा नमुना, न्यूट्रोफिलचं (पांढऱ्या पेशींचा एक प्रकार) वाढतं प्रमाण, आणि सीआरपी (सूज असली की रक्तात वाढणारं प्रथिन). सीआरपी कमी असेल तरी दुखणं सुरू होऊन काहीच तास झाले असतील तर तेवढ्याने निश्चिंत होऊ नये.

बाकी पाठवायचं ते असं : हिमोग्लोबिन आणि प्लेटलेट, क्रिएटिनिन, सोडियम-पोटॅशियम, यकृताची एन्झाइम्स, लघवीची तपासणी आणि कल्चर, रक्तगट आणि आरएच. वरच्या पोटात दुखत असेल तर लायपेज (स्वादुपिंडाच्या सुजेसाठी). सुरुवातीचे आठवडे असतील आणि गर्भ गर्भाशयातच आहे हे सोनोग्राफीत दिसलेलं नसेल तर बीटा-एचसीजी (गरोदरपणाचं हार्मोन).

अपेंडिक्ससारखी दिसणारी दुखणी

काही दुखण्यांत चूक झाली तर नुकसान तासाभरात होतं, म्हणून ती आधी बाजूला काढायची. पहिल्या आठवड्यांत नळीतला गर्भ : पाळी चुकलेली, एका बाजूला दुखतंय, चक्कर, फिकेपणा. उत्तरार्धात वार सुटणं : गर्भाशय सैलच पडत नाही, दाबल्यावर ते स्वतःच दुखतं, रक्तस्राव असेल किंवा नसेलही. उजव्या बरगडीखाली दुखणं, वाढलेला रक्तदाब, घसरलेल्या प्लेटलेट आणि चढलेली यकृत-एन्झाइम्स असतील तर ती गर्भावस्थेतल्या रक्तदाबाची गंभीर गुंतागुंत. तिथे उपाय अपेंडिक्स काढणं नव्हे, बहुधा बाळंतपण असतो.

बीजांडकोशाला पीळ पडला तर दुखणं एकदम, जोरात येतं, बेंबीपासून सरकत येत नाही. त्यालाही तातडीने ऑपरेशनच लागतं, त्यामुळे दोन्हींत गल्लत झाली तरी रुग्ण योग्य दारात पोहोचते. मूत्रपिंडाच्या संसर्गात हुडहुडी भरून मोठा ताप येतो आणि पाठीत बरगडीखाली ठोकल्यावर दुखतं. मूतखड्याचा संशय असेल तर एक सापळा आहे : गरोदरपणात उजवं मूत्रपिंड थोडं फुगलेलं असणं नेहमीचंच आहे. सोनोग्राफीत तेवढंच दिसलं म्हणून खडा ठरत नाही. गर्भाशयाला दोन्ही बाजूंनी धरणाऱ्या राउंड लिगामेंटची कळ मांडीच्या सांध्याकडे ओढल्यासारखी येते, कूस बदलताना किंवा उठताना चमकते आणि पडून राहिल्यावर ओसरते. जेवण बंद होत नाही. फायब्रॉइड गाठ आतून झिजू लागली तर दुखणं नेमकं गाठीवर असतं आणि ती सोनोग्राफीत दिसते.

सोनोग्राफी, एमआरआय, सीटी

पहिली पायरी सोनोग्राफी. पोटाचीही आणि गर्भाचीही, एकाच बैठकीत. अपेंडिक्स पाहताना प्रोब हळूहळू दाबत आतडी बाजूला सारायची असतात. बंद टोकाची नळी, दाबूनही न चपटणारी, ६ मिलिमीटरपेक्षा जाड, भोवतीची चरबी पांढुरकी, कधी आत खडा : हे दिसलं की निदान झालं. पोट मोठं असेल तर डाव्या कुशीवर वळवून प्रोब उजव्या बगलेतून लावावा.

रिपोर्टमध्ये सर्वांत जास्त वेळा जे वाक्य येतं ते म्हणजे ‘अपेंडिक्स दिसलं नाही’. शेवटच्या महिन्यांत तर हे नेहमीचंच. हे वाक्य वाचून घरी पाठवणं ही या आजारातली सर्वांत महागडी चूक आहे. ‘दिसलं आणि निरोगी आहे’ आणि ‘दिसलंच नाही’ यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. दुसऱ्या रिपोर्टचा अर्थ एवढाच की पुढची तपासणी लागेल.

ती पुढची तपासणी म्हणजे एमआरआय. किरणोत्सर्ग नाही, आणि अपेंडिक्ससाठी शिरेतून काही सोडावंही लागत नाही. एमआरआयसाठी कधी शिरेतून सोडतात ते गॅडोलिनियम हे द्रव्य वारेतून बाळापर्यंत जातं, ते टाळायचंच. एमआरआयने आजार सुमारे ९० टक्क्यांहून अधिक वेळा पकडला जातो, आणि आजार नसेल तर ‘नाही’ हे उत्तर त्याहूनही खात्रीचं मिळतं. निरोगी अपेंडिक्सवर होणारी ऑपरेशनं यानेच कमी होतात. मशिनमध्येही डावा कल ठेवावा.

एमआरआय मिळतच नसेल, किंवा मिळायला अर्धा दिवस लागणार असेल, तर सीटी स्कॅनला घाबरून अडून बसू नये. पोट आणि ओटीपोटाच्या एका स्कॅनमध्ये गर्भाला किरणांचा साधारण २५ मिलिग्रे (किरणांचं माप) डोस लागतो. तंत्र सांभाळलं तर त्याहून कमी. ५० मिलिग्रेच्या खाली जन्मजात व्यंग किंवा गर्भपात वाढल्याचं दिसलेलं नाही. पुढे बालपणी कर्करोगाची शक्यता किंचित वाढते, ती अगदी छोटी असते, पण ती आई-वडिलांना सांगून, लिहून मगच स्कॅन करावा. लक्षणं आणि सोनोग्राफी दोन्ही एकच गोष्ट सांगत असतील तर आणखी स्कॅनची गरजच नाही.

पहिल्या दोन तासांत काय करायचं

१. तोंडाने काही नाही. जाड सुई शिरेत लावून रिंगर लॅक्टेट सलाईन सुरू. तोंड कोरडं, लघवी गडद असेल तर पहिला लिटर लवकर द्यावा, मग छाती ऐकून, लघवी मोजून पुढचं ठरवावं. तासाला किलोमागे निदान अर्धा मिलिलिटर लघवी व्हायला हवी. गरोदरपणात फुप्फुसात पाणी लवकर उतरतं, हात सैल सोडू नये.

२. दुखणं थांबवा. पॅरासिटामॉल १ ग्रॅम शिरेतून, दर सहा तासांनी, दिवसाला ४ ग्रॅमच्या आत. वजन ५० किलोंपेक्षा कमी असेल तर किलोमागे १५ मिलिग्रॅम. पुरलं नाही तर मॉर्फिन २ ते ४ मिलिग्रॅम सावकाश. ‘वेदनाशामक दिलं तर निदान लपेल’ हा समज जुना आणि चुकीचा आहे. कळवळणाऱ्या बाईचं पोट नीट तपासताच येत नाही. डायक्लोफिनॅक आणि त्याच्या भावंडांना मात्र हात लावू नये : विसाव्या आठवड्यानंतर त्यांनी गर्भजल कमी होऊ शकतं आणि पुढे बाळाच्या हृदयाजवळची रक्तवाहिनी वेळेआधी आकसते.

३. उलटीसाठी मेटोक्लोप्रामाइड १० मिलिग्रॅम किंवा ऑनडॅन्सेट्रॉन ४ मिलिग्रॅम.

४. निदान ठरलं की लगेच अँटिबायोटिक. फुटलेलं नसेल तर सेफॉक्सिटिन २ ग्रॅम, किंवा सेफाझोलिन २ ग्रॅम आणि मेट्रोनिडाझोल ५०० मिलिग्रॅम. चीर देण्याच्या तासभर आधीच्या खिडकीत एक डोस पडलेला असायला हवा. आधीचा डोस जुना झाला असेल तर पुन्हा द्यावा, सेफाझोलिनसाठी ही मुदत चार तासांची. फुटल्याचा संशय असेल तर सेफ्ट्रिअॅक्सोन आणि मेट्रोनिडाझोल, किंवा पिपरासिलिन-टॅझोबॅक्टम. पेनिसिलिनची गंभीर अॅलर्जी असेल तर क्लिंडामायसिन ९०० मिलिग्रॅम आणि जेन्टामायसिन किलोमागे ५ मिलिग्रॅम. टेट्रासायक्लिन नको आणि सिप्रोफ्लॉक्सासिनच्या वर्गातली औषधंही टाळावीत.

५. एकाच वेळी तिघांना फोन : सर्जन, स्त्रीरोगतज्ज्ञ, भूलतज्ज्ञ. बाळ जगण्याइतक्या दिवसांचं असेल तर चौथा फोन नवजात विभागाला. ‘आधी ते बघू देत, मग यांना कळवू’ या साखळीत तीन तास कसे जातात ते कळतही नाही.

नाडी सतत ११० च्या वर, श्वास मिनिटाला २४ च्या वर, ताप ३८ अंश सेल्सिअस किंवा जास्त, यांतलं दोन जमलं तर ती रक्तात पसरणाऱ्या संसर्गाची वर्दी समजावी. लॅक्टेट (शरीराला रक्तपुरवठा कमी पडतोय का ते सांगणारी रक्ततपासणी) आणि रक्ताचं कल्चर पाठवावं आणि अँटिबायोटिक तासाभरात शिरेत असावं. जिथे ऑपरेशनची सोय नाही तिथून हलवताना पहिला डोस देऊनच हलवावं. बाईला डाव्या कुशीवर ठेवावं आणि चिठ्ठीत डोसची वेळ, बाळाचे ठोके आणि गर्भाचे आठवडे लिहावेत.

नुसत्या औषधांवर बरं होईल का?

हा प्रश्न घरचे हमखास विचारतात, आणि तो रास्त आहे. एरवीच्या प्रौढांत साधं अपेंडिक्स अँटिबायोटिकवर शांत करता येतं हे आता नीट सिद्ध झालं आहे. पण २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘कोडा’ या मोठ्या चाचणीत गर्भवतींना घेतलंच नव्हतं. ज्यांना औषधांवर ठेवलं त्यांच्यातल्या बऱ्याच जणांचं दुखणं महिन्यांत उलटतं. इथे ते उलटणार म्हणजे आणखी मोठ्या पोटात, आणखी अवघड वेळी. त्यामुळे गरोदरपणात ऑपरेशन हाच पहिला मार्ग. अपवाद आहे : दुखणं काही दिवसांचं जुनं, सुजेभोवती आतडी चिकटून बंदिस्त गळू झालेलं, आणि बाई स्थिर. अशा वेळी सोनोग्राफीच्या मदतीने नळी घालून पू काढणं आणि अँटिबायोटिक देणं हे त्या गिचमिडीत सुरी चालवण्यापेक्षा शहाणपणाचं असू शकतं. पण तिला दाखल ठेवूनच.

‘तिसरा महिना संपू दे, मग करू’ हा सल्ला ठरवून करायच्या ऑपरेशनांना लागू आहे, अपेंडिक्सला नाही. नेहमीच्या मात्रेत सध्याच्या भुलीच्या औषधांनी कोणत्याही महिन्यात बाळात व्यंग येत असल्याचा पुरावा नाही.

भूल देताना

गर्भवतीचं पोट भरलेलं आहे असंच धरून चालावं, उपाशी असली तरी. आधी पोटातलं आम्ल मारायला ०.३ मोलर सोडियम सायट्रेट ३० मिलिलिटर पाजावं. डोक्याची बाजू थोडी उंच, डावा कल, आणि तीन मिनिटं घट्ट मास्कने ऑक्सिजन. तिच्या फुप्फुसातला राखीव साठा सुमारे २० टक्क्यांनी घटलेला असतो आणि शरीर ऑक्सिजन जास्त खातं, त्यामुळे श्वासाची नळी घालायला लागलेला प्रत्येक जादा सेकंद सॅच्युरेशनमध्ये दिसतो. घसा सुजलेला असतो, म्हणून ६.५ ते ७ नंबरची नळी हाताशी असावी.

श्वास सोडतानाचा कार्बन डायऑक्साइड ३० ते ३५ मिमी पाऱ्यादरम्यान ठेवावा. एरवीचा ४० हा आकडा गर्भवतीसाठी जास्त आहे, कारण तिची स्वतःची नेहमीची पातळीच खाली उतरलेली असते. रक्तदाबातला फरक नेहमीच्या २० टक्क्यांच्या आत, आणि घसरला तर फेनिलएफ्रिन. शेवटी स्नायू सैल करणारं औषध उतरवताना एक बारकावा : त्यासाठी देतात ते निओस्टिग्मिन थोडं वारेतून बाळाकडे जातं, जोडीला ठोके सांभाळायला देतात ते ग्लायकोपायरोलेट जात नाही, आणि बाळाचे ठोके मंदावू शकतात. म्हणून त्याच्याऐवजी अॅट्रोपिन घेतात. त्याच कामाचं दुसरं औषध सुगामाडेक्स हे प्रोजेस्टेरॉनला (गर्भ टिकवणाऱ्या हार्मोनला) धरून ठेवतं या शंकेमुळे, विशेषतः सुरुवातीच्या महिन्यांत, टाळलं जातं.

गर्भ जगण्याच्या वयाआधी असेल तर भुलीआधी आणि नंतर डॉप्लरने ठोके नोंदवणं पुरतं. त्यानंतर दोन्ही वेळा सीटीजीचा (बाळाचे ठोके आणि कळा यांचा आलेख काढणाऱ्या यंत्राचा) पट्टा हवा. ऑपरेशन चालू असताना सतत पट्टा लावायचा का, हे बाळाचं वय आणि गरज पडल्यास तिथेच सिझर करण्याची तयारी पाहून ठरतं. भुलीत बाळही पेंगतं आणि आलेख सपाट दिसतो. तेवढ्यावरून सिझरकडे धावू नये. ठोके मंदावले तर आधी डावा कल, रक्तदाब, ऑक्सिजन आणि दुर्बिणीसाठी पोटात भरलेल्या गॅसचा दाब तपासावा.

ऑपरेशन

दुर्बिणीतून ऑपरेशन तिन्ही तिमाहींत करता येतं. सातवा-आठवा महिना आला म्हणून ते बाद होत नाही, पण जागा कमी राहते आणि अनुभवी हात लागतो. काही जुन्या एकत्रित अभ्यासांत दुर्बिणीच्या बाजूला गर्भहानी किंचित जास्त दिसली होती. नंतरच्या नोंदींत तो फरक ठामपणे टिकला नाही. शेवटी सर्जनचा हात ज्या पद्धतीत बसला आहे तीच बरी.

पहिलं छिद्र सर्वांत जोखमीचं. विसाव्या आठवड्याला गर्भाशयाचं टोक बेंबीशी येतं, आणि त्यानंतर जघनास्थीपासून त्याची उंची सेंटिमीटरमध्ये जवळपास आठवड्यांइतकीच असते. २४ आठवड्यांच्या पोटात नेहमीप्रमाणे बेंबीतून सुई घातली तर ती सरळ गर्भाशयात. म्हणून आधी हाताने टोक चाचपून पेनने खूण करावी, तिथून ३ ते ४ सेंटिमीटर वर मध्यरेषेत जागा घ्यावी आणि शक्यतो थर उघडून, डोळ्यांनी पाहत पहिली नळी घालावी. बाकीची छिद्रं आत कॅमेरा ठेवून, उजवीकडे आणि वर सरकवून. गॅसचा दाब १० ते १५ मिमी, १२ वर भागत असेल तर १२. योनीमार्गातून गर्भाशय हलवण्याचं कोणतंही उपकरण वापरू नये आणि चिमट्याने गर्भाशयाला स्पर्शही करू नये. ते डिवचलं की कळा सुरू होतात.

पोट उघडून करायचं असेल तर पुस्तकातल्या बिंदूवर नव्हे, जिथे सर्वांत जास्त दुखतं तिथे छेद घ्यावा. भूल दिल्यावर ती जागा सापडत नाही, म्हणून आधीच खूण करून ठेवावी. पू सगळीकडे पसरल्याची किंवा निदानाबद्दलच शंका असल्यास मध्यरेषेतला उभा छेद सोयीचा.

अपेंडिक्स निरोगी निघालं तर शोध थांबवू नका. उजवा बीजांडकोश, नळी, लहान आतड्याचा शेवटचा दोनेक फूट भाग, पित्ताशय, गर्भाशयावरच्या गाठी, सगळं पाहून घ्यावं. दहाव्या आठवड्याआधी काही कारणाने कॉर्पस ल्युटियम (बीजांडकोशातला प्रोजेस्टेरॉन बनवणारा भाग) काढावं लागलं तर त्याच दिवशी प्रोजेस्टेरॉन सुरू करावं, नाहीतर गर्भाचा आधारच जातो.

पू असेल तर तो शोषून घ्यावा आणि नमुना कल्चरला पाठवावा. सिझर त्याच बैठकीत करायचं ते प्रसूतीचंच कारण असेल तेव्हा. ‘पोट उघडलंच आहे तर’ म्हणून पुवाने भरलेल्या पोटात गर्भाशय कापणं म्हणजे आईला दुसरा संसर्ग देणं.

नंतरचे दिवस

साध्या सुजेत ऑपरेशननंतर अँटिबायोटिक लागत नाही. फुटलं असेल आणि पू नीट निघाला असेल तर चारेक दिवस पुरतात. पाणी काही तासांत, जेवण झेपेल तसं. त्याच दिवशी उठवून चालवावं. गरोदरपणात रक्ताच्या गुठळीची शक्यता मुळातच चार-पाच पट असते, वर ऑपरेशन आणि संसर्ग. पायांना दाब देणारे मोजे किंवा पंप ऑपरेशनच्या टेबलावरच लावावेत. चालणं लांबणार असेल किंवा आणखी धोके असतील तर गुठळी होऊ न देणारं एनोक्सापॅरिन ४० मिलिग्रॅम रोज.

कळांकडे पहिला आठवडाभर डोळा ठेवावा. कळा येऊ नयेत म्हणून आधीच औषध देण्याचा फायदा दिसलेला नाही. खऱ्या कळा सुरू झाल्या आणि संसर्ग आटोक्यात असेल तर निफेडिपिन देता येतं. टर्ब्युटालिनसारखी कळा थांबवणारी औषधं, भरपूर सलाईन आणि चालू संसर्ग हे त्रिकूट फुप्फुसात पाणी आणतं. २४ ते ३४ आठवड्यांत वेळेआधी प्रसूतीची भीती असेल तर बाळाच्या फुप्फुसांसाठी बीटामेथासोन १२ मिलिग्रॅमचे दोन डोस २४ तासांच्या अंतराने द्यावेत. त्यासाठी ऑपरेशन मात्र थांबवू नये.

घरी पाठवताना सांगायचं ते मोघम नको. दर दहा मिनिटांनी किंवा त्याहून लवकर पोट घट्ट होणं, अंगावरून पाणी किंवा रक्त जाणं, अठ्ठाविसाव्या आठवड्यानंतर बाळाची हालचाल कमी वाटणं, ३८ अंशांवर ताप, जखमेतून पू, एका पायाला सूज, दम लागणं : यांतलं काहीही झालं तर त्याच दिवशी यायचं. पाचव्या ते दहाव्या दिवशी पुन्हा ताप चढला, पोट फुगलं, सारखं शौचाला जावंसं वाटू लागलं तर ओटीपोटात गळू झालंय का ते पाहावं लागतं. फुटलेल्या अपेंडिक्सनंतर हे विशेष. टाके सात ते दहा दिवसांनी निघतात. जड उचलणं चार ते सहा आठवडे बंद.

या ऑपरेशनमुळे पुढे सिझरच करावं लागतं असं नाही. आठवड्याभरात कळा आल्या तरी नैसर्गिक बाळंतपण होऊ शकतं, जोर लावल्याने नीट शिवलेले टाके सुटत नाहीत. बाळंतपणाच्या फाईलमध्ये मात्र ऑपरेशनची तारीख, छेद कुठे, अपेंडिक्स फुटलं होतं की नाही, आत काही चिकटलं होतं का, एवढं लिहून ठेवावं. पुढे कुणाला रात्री तातडीने सिझर करावं लागलं तर पोट उघडण्याआधी त्याला हेच हवं असतं. आणि काढलेल्या अपेंडिक्सचा बायोप्सी रिपोर्ट पुढच्या तपासणीच्या दिवशी मागून घ्यावा. क्वचित त्यात लहानशी गाठ निघते, आणि दोन विभागांच्या मध्ये तो रिपोर्ट न वाचता पडून राहतो.